ही नाली कुठे जाते?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे आठवणी मागितल्या. इतिहास शिकविणाऱ्यास आठवणींची वाण नसते. पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत या संकुलातील कितीतरी प्रसंग सांगता येतील. परंतु ते या अंकात इतर लेखक आमच्यापेक्षा चांगल्या रीतीने सांगतील. आम्हाला येथे एका प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे. तो आमच्याच एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारला, आणि त्याचे उत्तर आम्हाला देता आले नाही.

काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. त्यासाठी आलेला हा विद्यार्थी आता रासायनिक अभियंता आहे आणि कोकणातील एका कारखान्यात काम करतो. त्याचे मूळ गाव आपल्या हिवरखेडच्या दक्षिणेस, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. गावात विहिरी आहेत, पण पाणी खारे. लहानपणी गोड्या पाण्याचा एक हंडा आणण्यासाठी आईसोबत किती चालावे लागे हे त्याने वर्गात निबंधात लिहिले होते, ते आम्हाला आजही आठवते. अशा मुलाला आम्ही मोठ्या अभिमानाने कनिष्ठ महाविद्यालयाची नवी प्रयोगशाळा दाखविण्यास नेले. फरश्या, गॅसजोडणी, प्रत्येक ओट्याला नळ आणि बेसिन. त्याने सर्व पाहिले, कौतुक केले, एक नळ सोडून पाहिला. मग तो इमारतीच्या मागच्या बाजूस गेला आणि तेथूनच त्याने विचारले, "सर, ही नाली कुठे जाते?"

आम्ही म्हणालो, "मागे जाते." त्यापुढे आम्हाला काहीही सांगता येईना.

तो नालीच्या कडेने चालू लागला आणि आम्ही त्याच्या मागून. प्रयोगशाळेच्या नालीत थोड्या अंतरावर भोजनगृहाची नाली येऊन मिळत होती. तिच्यात खरकट्याचे तेलकट पाणी, साबणाचा फेस. पुढे कुंपणाच्या तळाशी एक मोकळी जागा ठेवलेली, तेथून सर्व पाणी बाहेर पडत होते. बाहेर उतार होता, आणि उताराच्या खाली शेतमजुरांची दहाबारा घरे. नालीचा शेवट त्या घरांच्या समोरच्या खोलगट जागेत होत होता. काळे पाणी साचलेले, त्यावर डास. त्या घरांपैकी एक घर आपल्या भोजनगृहात भांडी घासणाऱ्या मावशींचे होते. आम्हाला पाहून त्या बाहेर आल्या. आम्ही विचारले, हे पाणी नेहमी असेच असते काय? त्या हसून म्हणाल्या, "गुरुजी, तुमची शाळा धुतली का आमचं आंगन भिजते."

त्या वाक्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते आम्हाला सहन झाले नाही. दरवर्षी २० मार्चला आम्ही या शाळेत चवदार तळ्याविषयी बोलतो. पाण्याच्या हक्कावर बोलताना आमचा आवाज आजही भरून येतो. आणि आमच्याच शाळेचे घाण पाणी वर्षानुवर्षे कोणाच्या दारात जाऊन थांबते, हे आम्ही एकदाही पाहिले नव्हते.

त्या रात्री आम्ही जुन्या गावाच्या रचनेचा विचार करीत बसलो. आम्ही वर्गात शिकवितो की गावकुसाबाहेरची वस्ती ही अपमानाची खूण होती. ती तर होतीच. पण तिच्यात एक व्यवस्थाही होती. गावाला जे नकोसे झाले, मेलेले ढोर, हाडे, कातडे, मैला, ते सर्व एका दिशेने वाहून नेले जाई आणि त्या दिशेला विशिष्ट माणसे राहत. कातडे कमाविणे ही तर शुद्ध रासायनिक प्रक्रिया आहे. चुन्याच्या निवळीत भिजवून केस काढावयाचे, मग बाभळीच्या वा हिवराच्या सालीतील तुरट द्रव्याने कातड्यातील प्रथिने घट्ट बांधावयाची, म्हणजे कातडे कुजत नाही. ज्या हिवराचे नाव आपल्या गावाच्या नावात ऐकू येते, त्याची साल या कामी येत असे. ही विद्या जाणणाऱ्यास या देशाने रसायनज्ञ म्हटले नाही. त्याला अस्पृश्य म्हटले. वस्तू गावाने वापरली आणि दुर्गंध त्याच्या वाट्याला दिला.

बाबासाहेबांनी या व्यवस्थेवर जो उपाय सांगितला तो नीट लक्षात घेतला पाहिजे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मेलेली जनावरे ओढण्याचे आणि मृत मांस खाण्याचे सोडून देण्यास सांगितले. ते काम अधिक स्वच्छतेने करा, किंवा त्याची मजुरी वाढवून घ्या, एवढ्यावर ते थांबले नाहीत. घाण निर्माण करून ती एका समाजाच्या माथी मारणारी रीतच त्यांनी नाकारली. दुःख जेथे दिसते तेथे मलमपट्टी करण्याऐवजी ते जेथून उगम पावते तेथे जावे, ही तथागतांची कार्यकारणाची दृष्टी त्यात आहे.

महाडचा उल्लेख आला म्हणून तेथील एक अनुभव येथेच सांगतो. नालीच्या त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी आम्ही नववीच्या मुलांची सहल महाडला नेली. मुलांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला. आम्ही त्यांना सांगितले की सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले, पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने हे तळे खुले असल्याचे ठरविले, तरी प्रत्यक्ष ओंजळ भरावयास २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आणि ओंजळ भरल्यावर सनातनी मंडळींनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे 'शुद्ध' केले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ च्या मार्चमध्ये.

दुसऱ्या दिवशी आमची बस पोलादपूरच्या दिशेने निघाली. महाड सोडल्यावर औद्योगिक वसाहत लागते. औषधे, रंग आणि त्यांना लागणारी मधली रसायने बनविणारे कारखाने येथे आहेत. खिडक्यांतून एक उग्र दर्प आत आला. मुलांनी नाकाला रुमाल लावले. एका मुलीने विचारले, "सर, हे पाणी पण त्याच नदीत जाते का?" महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसले आहे. वसाहतीत सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तेथे प्रक्रिया झालेले पाणी सावित्रीच्या खाडीकडे सोडले जाते, आणि त्या पाण्याविषयी खाडीतील मच्छीमारांच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत. आम्ही त्या मुलीला एवढेच सांगू शकलो.

परंतु बस घाट चढू लागली तेव्हा आमच्या मनात एक विसंगती घोळत होती. १९२७ साली ज्या पाण्याला माणसाच्या हातांनी काहीही झाले नव्हते, ते 'बाटले' म्हणून त्यात शेण कालविले गेले. आज पाणी खरोखर बिघडते तेव्हा त्यासाठी कोणी घागरी भरत नाही. रसायनशास्त्राचे आपल्यावर एक उपकार असा की त्याने अशुद्धतेची व्याख्या स्पृश्यास्पृश्यतेच्या हातून काढून घेतली. पाण्याची आम्लता किती, त्यातील द्रव्ये जाळावयास किती प्राणवायू लागेल, धातू किती, क्षार किती, हे मोजता येते. मोजमापाला जात विचारता येत नाही. चवदार तळ्याच्या वारसांनी हे मोजमाप शिकून घेणे हा त्या लढ्याचाच पुढचा भाग आहे, असे आम्हाला तेव्हापासून वाटते.

सहलीहून परतल्यावर आम्ही त्या अभियंता विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि त्याच्यासमोर विद्यार्थी होऊन बसलो. त्याने दोन संध्याकाळी जे समजावले ते आमच्या भाषेत मांडतो. तांत्रिक चूक राहिल्यास ती आमची समजावी.

त्याने सुरुवात आपल्या वऱ्हाडच्या कापसापासून केली. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला तर साधारण पस्तीस किलो रुई निघते. उरलेली बहुतेक सरकी. सरकीचे तेल निघते, तेल काढल्यावर ढेप राहते, ती जनावरे खातात. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी चुलीत जाते. फेकावयास फारसे काही उरत नाही. आता हाच हिशेब रसायनांच्या कारखान्याला लावावयाचा. रॉजर शेल्डन या शास्त्रज्ञाने १९९२ साली नेमका हा हिशेब मांडला. एक किलो माल तयार करताना किती किलो टाकाऊ द्रव्य निर्माण होते? मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या साध्या रसायनांत ते एक ते पाच किलो किंवा त्याहून कमी असते. सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास किलो. औषधांत पंचवीस ते शंभर, कधी त्याहूनही अधिक. म्हणजे आपण ज्या गोळीने ताप उतरवितो, तिच्या मागे तिच्या कितीतरी पट वजनाचे ओझे कोठेतरी उतरविलेले असते. आम्ही हे आकडे ऐकून काही वेळ गप्प राहिलो.

"मग ते शुद्ध करून सोडत नाहीत काय?" आम्ही विचारले. तो म्हणाला, शुद्ध करणे म्हणजे बहुधा एका जागेची घाण दुसऱ्या जागी नेणे. पाण्यातील द्रव्य गाळात जाते, गाळ जमिनीत पुरावा लागतो. पाणी उकळून आटविले आणि थेंबही बाहेर सोडला नाही, तरी खाली मिश्र क्षारांचा ढीग उरतो, आणि आटविण्यासाठी इंधन जळते ते वेगळेच. नालीच्या टोकाशी उभे राहून केलेला कोणताही उपाय पुरा पडत नाही. म्हणून या शास्त्रातील विचारी माणसे टोकाकडून उगमाकडे वळली. पॉल अॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील पहिलेच तत्त्व असे की टाकाऊ द्रव्य तयार झाल्यावर निस्तरत बसण्यापेक्षा ते तयारच होणार नाही अशी रीत शोधावी.

हे केवळ उपदेश म्हणून राहिलेले नाही. त्याने आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाचे उदाहरण दिले. ते बनविण्याच्या जुन्या रीतीला सहा टप्पे होते, आणि घातलेल्या द्रव्यांपैकी वजनाने सुमारे चाळीस टक्केच औषधात उतरत. बाकी साठ टक्के कचरा. पुढे तीन टप्प्यांची नवी रीत निघाली. तिच्यात सत्त्याहत्तर टक्के द्रव्य औषधात उतरते, आणि सोबत निघणारे अॅसेटिक आम्ल परत मिळविले तर जवळजवळ सर्वच उपयोगी पडते. या हिशेबाला बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली अणूंची काटकसर असे नाव दिले होते. मात्र या नव्या रीतीत उत्प्रेरक म्हणून हायड्रोजन फ्लोराइड वापरतात, आणि ते स्वतः अत्यंत घातक असल्यामुळे बंद यंत्रणेत पुनःपुन्हा फिरवावे लागते, हेही त्याने सांगितले. कोणतीही रीत फुकटात निर्दोष होत नाही, हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला.

दुसरे उदाहरण रंगांच्या उद्योगातील. रंग बनविताना एका टप्प्यावर नायट्रो वर्गाच्या संयुगाचे अमाइनमध्ये रूपांतर करावे लागते. जुन्या रीतीत त्यासाठी लोखंडाचा कीस आणि आम्ल घालतात. माल निघतो, आणि सोबत लोखंडाच्या काळ्या चिखलाचे ढीग. नव्या रीतीत उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन वायू देतात. सोबत निघते ते पाणी. माल तोच, कामगारही तेवढेच कुशल लागतात, पण मागच्या बाजूचा चिखल नाहीसा होतो. हायड्रोजन पेट घेणारा असल्याने यंत्रसामग्री महाग पडते, दक्षता अधिक लागते. म्हणूनच छोटे कारखाने जुनी रीत सोडावयास कचरतात, असे तो म्हणाला.

तिसरी गोष्ट द्रावकांची. कारखान्यातील कचऱ्याचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष रसायनांचा नसून ती विरघळविण्यासाठी वापरलेल्या द्रवांचा असतो. ते उकळून, वाफ थंड करून परत मिळविता येतात आणि पुन्हा वापरता येतात. प्रत्येक वेळी थोडे मलिन झाले तर आधी शुद्ध मालाला, मग कमी शुद्धतेच्या कामाला, शेवटी धुण्याला. हे ऐकताना आम्हाला विनयपिटकातील आनंदाची कथा आठवली. राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाने संशयाने विचारले, इतक्या वस्त्रांचे काय कराल? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ. जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी. खोळींची बैठकीची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची झाडणी, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून त्यांचा गिलावा. राजा संतुष्ट झाला. आमचा विद्यार्थीही ही कथा ऐकून म्हणाला, "सर, आमच्या प्लँटमध्ये हे भिंतीवर लावले पाहिजे."

तथागतांनी उपासकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. पाण्यात आणि हिरव्या गवतावर मलमूत्र वा थुंकी टाकू नये, असा भिक्खूंसाठी नियम आहे. आणि बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेले भांडण हे आहे. पाण्याचा प्रश्न आपल्या धम्माच्या उंबरठ्यावरच उभा आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता अधिक कठीण भागाकडे येतो. आमचाच दुसरा एक विद्यार्थी आहे. दहावीनंतर त्याचे शिक्षण सुटले. तोही अशाच एका रसायनांच्या कारखान्यात आहे, पण ठेकेदाराकडे, रिकामे ड्रम धुण्याच्या कामाला. त्या ड्रमांत काय होते हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्या हातांची कातडी सोलवटलेली आम्ही पाहिली आहे. अभियंता आणि ड्रम धुणारा एकाच वसतिगृहात वाढले, एकाच पंगतीला जेवले. एकाला प्रक्रियेचा आराखडा दिसतो, दुसऱ्याला तिचा शेवट.

रसायनांच्या उद्योगाचा इतिहास वाचताना ही विभागणी सर्वत्र दिसते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून चाळीस टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि हजारो माणसे मेली. कारखान्याच्या भिंतीला लागून कोण राहत होते? गरीब वस्त्या. तेच कीटकनाशक हे विषारी द्रव्य साठवून न ठेवता बनविण्याचा मार्ग रसायनशास्त्राला तेव्हाही ठाऊक होता. ट्रेव्हर क्लेट्झ हे इंग्रज अभियंते त्यापूर्वी काही वर्षे हेच सांगत आले होते की घातक द्रव्याची राखण करण्यापेक्षा त्याचा साठाच ठेवू नये. आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर औषध फवारताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. महाडच्याच वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे प्राण गेले. कारखान्याच्या आत, भिंतीबाहेर, आणि शेवटी शेतात, तिन्ही ठिकाणी विषाच्या सर्वांत जवळ उभा असलेला माणूस बहुधा आपल्यासारख्यांच्या घरचा असतो.

हे सर्व आम्ही पालक सभेत बोललो तेव्हा त्या ड्रम धुणाऱ्या मुलाची आई उठून उभी राहिली. ती म्हणाली, "सर, तुम्ही पोरायले कंपनीच्या इरोधात शिकवता का? कंपनी बंद पडली तर माह्या पोरानं कोठी जावं?"

तिचा प्रश्न आम्ही टाळू शकत नाही. वऱ्हाडातील भूमिहीनाला कारखान्याने जे दिले ते शेताने दिले नाही. महिन्याचा पगार दिला, जात विचारल्याशिवाय हजेरीपटावर नाव दिले. बाबासाहेबांनी १९१८ सालीच भारतातील लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात सांगितले होते की शेतीवरील माणसांचे ओझे कमी करावयाचे तर उद्योग वाढविले पाहिजेत. गावाकडे परत चला, हा मार्ग त्यांनी कधीही दाखविला नाही, कारण ते गाव कसे होते हे त्यांनी भोगले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा पाठपुरावा केला, त्याच खात्यातून दामोदर खोऱ्याच्या योजनेला आणि देशाच्या जलधोरणाला आकार दिला. उद्योग हवा, वीज हवी, यंत्र हवे, आणि त्यांच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे जीवन सुरक्षित हवे. ही त्यांची भूमिका होती आणि आमचीही तीच आहे.

म्हणून त्या माउलीला आम्ही सांगितले की कारखाना बंद व्हावा असे आम्ही शिकवीत नाही. तुमच्या मुलाला त्या ड्रमात काय आहे हे ठाऊक असले पाहिजे, असे शिकवितो. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क कायद्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. हे हक्क कागदावर आहेत. चवदार तळ्याचा हक्कही १९२३ पासून कागदावर होता. ती माउली खाली बसली, पण तिचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. तिचा मुलगा अजूनही तेच काम करतो. हातमोजे मात्र मिळाले आहेत, असे त्याने मागील भेटीत सांगितले.

इतरांना सांगण्यापूर्वी स्वतःची नाली पाहणे भाग होते. त्या अभियंता विद्यार्थ्याच्या मार्गदर्शनाखाली आम्ही जे केले त्याचा वृत्तान्त देऊन हा लेख संपवितो, कारण अनेक माजी विद्यार्थी आज स्वतः शाळा चालवितात व त्यांना तो उपयोगी पडावा.

सुरुवात उगमापासून केली. क्षार ओळखण्याच्या प्रयोगांत मुले परीक्षानळी अर्धी भरून द्रावण घेत आणि उरलेले ओतून देत. आता तोच प्रयोग थेंबांवर करतात. निरीक्षण तितकेच स्पष्ट होते आणि रसायनांचा खर्चही पुष्कळ उतरला. आम्ल आणि आम्लारी यांची उरलेली द्रावणे नालीत न जाता एका प्लॅस्टिकच्या पिंपात एकत्र होतात, एकमेकांना शमवितात, आणि लिटमस कागदाने तपासूनच पुढे जातात. शिसे आणि क्रोमियम यांचे क्षार वापरणे जेथे टाळता येते तेथे टाळले. जेथे टळत नाही तेथे त्यांचा साका खाली बसवून तो बरणीत बंद करून ठेवतो. त्या बरण्यांचे शेवटी काय करावयाचे हा प्रश्न सुटलेला नाही. त्या कपाटात कुलूपबंद आहेत आणि मुलांना मुद्दाम दाखविल्या जातात.

भोजनगृहात आधी ताटे पुसून खरकटे वेगळे काढले जाते, ते खतात जाते. भांड्यांना साबणाची पूड मोजून दिली जाते. सांडपाणी तेलकटपणा अडविणाऱ्या छोट्या हौदातून, मग वाळू-गोट्यांच्या थरातून कर्दळीच्या वाफ्यात आणि तेथून केळीला जाते. खड्डे मुलांनी आणि शिक्षकांनी खणले. कुंपणाखालची ती मोकळी जागा आम्ही सर्वांनी मिळून दगड-सिमेंटने बुजविली. पहिल्याच पावसाळ्यात वाफे तुंबले आणि पाणी पुन्हा उताराला लागले. तेव्हा हौद वाढविला. अजूनही सतत दोन दिवस झड लागली की काही पाणी बाहेर जातेच. मावशींना आम्ही मागील महिन्यात विचारले. त्या म्हणाल्या, "आता येत नाही जी. पान्याच्या दिवसात येते थोडं." त्या थोड्याचे काम यंदा उन्हाळ्यात करावयाचे आहे.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी काही आज औषधांच्या, रंगांच्या, खतांच्या कारखान्यांत आहेत. कोणी अभियंते, कोणी प्रयोगशाळेत, कोणी ठेक्यावर. नागपूरला १९४२ साली लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून सुरू झालेल्या तंत्रज्ञान संस्थेत किंवा १९३३ साली मुंबईच्या विद्यापीठात सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञानाच्या शाखेत जाण्याचे स्वप्न पाहणारी मुले आज अकरावी-बारावीत बसली आहेत. या सर्वांना आमची विनंती आहे. वर्षातून एक दिवस शाळेत या आणि मुलांना तुमच्या कामाची पुढची बाजू दाखवा तशी मागचीही दाखवा. आराखडा तुमच्या हाती आला तर पहिल्या दिवशीच विचारा की यातून काय उरेल आणि ते कोणाच्या दारात जाईल. तुमच्याच वसतिगृहातला कोणीतरी त्या नालीच्या दुसऱ्या टोकाशी असू शकतो, हे विसरू नका.

आम्ही निवृत्तीच्या जवळ आलो आहोत. दर आठवड्याला, शेवटचा तास संपल्यावर, एकदा कुंपणापर्यंत चालत जाऊन पाहण्याची सवय लागली आहे. आता सोबत चारदोन मुलेही येतात.

जय भीम! नमो बुद्धाय!